मागच्या दाराचा नंबर

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा फुटपाथवर. मी, कारखान्यातल्या मावशी, दोघे शिलाईवाले आणि एक ट्रकवाला गिऱ्हाईक, असे सगळे बंद शटरकडे तोंड करून उभे. ट्रकवाला म्हणाला, "मालक, तुमचंच दुकान ना?" मी म्हटलं, "अर्धं." तो हसला. मला हसू आलं नाही.

दादा आला तो पाय ओढत. आल्यावर सरळ कुलूप काढावं की नाही? नाही. आधी शेजारच्या छापखान्याच्या पायरीवर टेकला. म्हणजे उशीर तर उशीर, वर विश्रांती. मग उठून त्याचं कुलूप काढलं, मी माझं काढलं. शटर वर ढकलायला त्यानं हातसुद्धा लावला नाही. "पाठ धरलीय," असं शटरला उद्देशून म्हणाला. मी आणि मावशींनी मिळून ढकललं. माझी पाठ काय लोखंडाची आहे?

हे दोन कुलपांचं झेंगट बाबांचं. ताडपत्रीचं दुकान आमच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी शटरला दोन कुलपं लावली, डावं दादाचं, उजवं माझं. ज्याची चावी त्यानंच आणायची, कोणाच्या हाती पाठवायची नाही. आणि ज्याला येणं जमेनासं होईल त्यानं चावी कायमची भावाच्या हातात द्यायची आणि घरी बसायचं. मधलं काही नाही. एकदा मला सणकून ताप होता तर शाल गुंडाळून आलो, कुलूप काढलं आणि परत जाऊन पडलो. हे सगळं कशासाठी, तर भावाभावांत फाटू नये म्हणून. बाबा गेले. फाटायचं ते फाटलं, कुलपं तेवढी राहिली.

संध्याकाळी हिला म्हटलं, त्याला जमत नसेल तर देऊन टाकावी ना चावी, मी मोकळा होईन. हिनं भांडी जरा जोरात आपटली.

५ फेब्रुवारी, बुधवार

छापखानेवाल्यानं त्याच्या दाराला बसवलेलं नवं कुलूप दाखवलं. चावी नाहीच. अंगठा टेकवला की दार उघडतं, नाहीतर नंबर दाबायचा. कोण कधी आत आलं ते घरबसल्या फोनवर कळतं. तो ते असं दाखवत होता की जणू त्यानंच शोध लावलाय. पण मला पटलं. पुढच्या शटरला एक, मागच्या दाराला एक. आपापलं उघडा, आपापलं बंद करा. कोणी कोणासाठी ताटकळायला नको.

आमची जागा लांबट आहे. पुढे रस्त्यावर दुकान, तिथं मी. मागे गल्लीकडे कारखाना, तिथं दादा कटिंग करतो आणि मावशी आणि शिलाईवाले मशीनवर बसतात. मधे तागे रचून ठेवायची अंधारी खोली. मागच्या दाराला आतून जाड अडसर, त्यामुळे आजवर सगळे पुढूनच येतात. मागचं दार बाहेरून उघडायला लागलं तर सकाळी त्याचं तोंडसुद्धा बघावं लागणार नाही.

हे लिहिलं खरं. वाचून बरं वाटलं नाही. पण खोडत नाही, खरं आहे ते.

आता विचारायचं कसं? शाळेच्या छताचं झाल्यापासून आम्ही मालापुरतंच बोलतो, आणि तेही मावशींमार्फत. त्या शाळेच्या अंगणावर घालायचं छत होतं. मापं मी घेतली, कापड दादानं कापलं, आणि जाऊन लावलं तर एका बाजूनं हातभर कमी. परत आल्यावर सगळ्यांसमोर तो म्हणाला, "गल्ल्यावर बसणाऱ्याला टेप कुठून धरायची ते काय कळणार?" मीही कमी नाही. म्हटलं, "कात्री चालवायला डोळे लागतात." झालं. त्या दिवसापासून मी कारखान्यात पाऊल टाकलेलं नाही. कानाला खडा. ऑर्डरची चिठ्ठी अंधाऱ्या खोलीतल्या खिळ्याला अडकवतो, माल तयार होऊन त्याच खोलीत येतो. चूक कोणाची होती, ते देव जाणे. मला विचाराल तर त्याची.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मावशींना निरोप्या केलं. मला वाटलं होतं आता महिनाभर घोडं अडणार. बाबांचं नाव काढणार, कुलपांना हात लावायचा नाही म्हणणार. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती, चांगली टोचणारी.

मावशी परत आल्या. "बसवा म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच. आणि म्हणाले, लवकर बसवा."

माझी सगळी उत्तरं फुकट गेली. दिवसभर डोकं धरलं. हा माणूस भांडणसुद्धा सरळ करत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

कुलूपवाला आला. बडबड्या. प्रत्येक वाक्याला "एकदम सोप्पं". ड्रिलचा आवाज आणि याचं तोंड, दोन्ही एकदम चालू.

आधी माझा अंगठा घेतला. तीनदा टेकवावा लागला, पण घेतला. मग दादाची पाळी. त्याची सगळी बोटं टेकवून झाली, यंत्र प्रत्येक वेळी नाही म्हणून ओरडतंय. जन्मभर मेणकापड ओढून आणि जाड दोऱ्याला मेण लावून त्याची बोटं पायरीसारखी गुळगुळीत झालीत, ठसा म्हणून उरलेला नाही. कुलूपवाला म्हणाला, "काका, तुम्हाला मशीन ओळखतच नाही." दादा म्हणाला, "मशीनच कशाला." एवढं बोलून माझ्याकडे बघितलं नाही. मला कळतं टोमणा कोणाला होता.

मग त्याला नंबर दिला. दाबताना त्यानं माझ्याकडे पाठ केली. अरे, मला काय करायचाय तुझा नंबर!

नंतर त्यानं एक भलताच प्रश्न विचारला. "यात आत कोण आलं ते कळतं, की कोणाचा नंबर दाबला ते?"

"नंबरच कळतो, काका. फोनवर तुमचं नाव येणार."

"माणूस नाही कळत?"

"माणूस कसा कळणार? एकदम सोप्पं आहे, तुमचा नंबर म्हणजे तुम्ही."

"बरं," दादा म्हणाला आणि खुर्चीवर बसून राहिला. कटिंगला गेलाच नाही. दुपारी गाडी बोलावून घरी गेला. पलीकडच्या चौकात घर, त्यासाठी गाडी! थाट बघा.

नावं घालताना कुलूपवाल्यानं फोनवर लिहिलं, मोठे मालक आणि धाकटे मालक. केस पिकले, गुडघे गेले, तरी मी धाकटाच.

जुनी दोन्ही कुलपं त्यानं पिशवीत घालून नेली. मोडीत जातील.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिलाच खरा दिवस आणि माझीच फजिती. अंगठा घेईना. पुसला, फुंकला, पँटला घासला. एक बाई छत्रीचं कापड बदलायला आली होती, ती म्हणाली, "काका, बेल वाजवा ना, आत कोणी असेल." मी म्हटलं, "बाई, आत मीच असायला हवा होतो." शेवटी हात धुऊन आलो तेव्हा उघडलं. रात्रीचं तेल होतं अंगठ्याला.

आणि दादा? दादा माझ्याही आधी आत! मी अंगठा घासत होतो तेव्हाच फोन थरथरला. मागचं दार, मोठे मालक आत आले. मला ताटकळत ठेवण्यात अर्धं आयुष्य घालवलं आणि आता वेळेवर. म्हणजे इतकी वर्षं मुद्दामच करत होता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही वेळेवर. रोज.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळ किती सुटसुटीत झालीय. यावं, उघडावं, पंखा लावावा, बसावं. कोणाची वाट नाही, कोणाचा चेहरा नाही. तरी थकायला होतं. पूर्वी वाट बघून थकत होतो ते समजण्यासारखं होतं. आता कशानं?

मागून दादाचा आवाज येत नाही. आधी भिंतीपलीकडून सारखा यायचा. "धार धर नीट", "दोरा ओला कर", "डोळे घरी ठेवून आलास का". माझ्याशी बोलत नव्हता, पण आहे हे कळायचं. आता नुसती मशीनची घरघर. मौन धरलंय वाटतं. मला चिडवायला काहीही करेल.

मावशी माल ठेवायला आल्या तेव्हा सहज विचारलं, "काय, साहेबांचं काय चाललंय?"

"आत्ताच चहाला गेले," म्हणाल्या आणि पटकन वळल्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तंबूवाल्या गिऱ्हाईकाचा फोन आला. म्हणाला, यावेळी कोपरे फार सुरेख बसलेत, पाण्याचा थेंब आत येणार नाही. दादाला सांगा. मी कशाला सांगू? मुद्दाम अंधाऱ्या खोलीत जाऊन पुढचा माल उलटून बघितला. कापलेल्या कडेला खडूची रेघ दिसली, बारीक, हलकी, जपून ओढलेली. दादा खडू असा दाबतो की अर्धा मोडतो. आता म्हातारपणी अक्षर सुधारतोय. मी नसलो समोर की याला सगळं नीट जमतं, असा त्याचा अर्थ.

ही हल्ली रोज दुपारी डबा घेऊन बहिणीकडे जाते. बहिणीला बरं नाही म्हणे. पातळ सूप, बिनमिठाचं. मी चव घेतली तर पाणी. म्हटलं, तुझ्या बहिणीनं काय पाप केलंय? हसली नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. फोन गप्प. तरी सकाळी दोनदा उचलून बघितला.

ही म्हणाली, "अहो, दादांकडे एकदा जाऊन या ना."

"कशाला?"

"सहज. भाऊ आहे तुमचा."

"भाऊ आहे तर त्यानं यावं. पाय त्यालाही आहेत. रोज पहाटे उठून कारखान्यात जातो की."

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग पदर खोचून उठून गेली. हिचं हल्ली काय चाललंय कळत नाही. डोळे सुजल्यासारखे दिसतात. चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला हवा.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक गोष्ट समजली.

बँकेतून येत होतो तर समोरच्या फुटपाथवर पुतण्या. दादाचा मुलगा. तो दुसऱ्या शहरात नोकरीला असतो, कामाच्या दिवशी इथं कसा? हातात जाडजूड फाईल, बरोबर वहिनी. वहिनींनी मला बघितलं. मी हात वर करणार तेवढ्यात त्यांनी पुतण्याचा दंड धरला आणि दोघे वळून गल्लीत शिरले. माझ्यापासून लपले! वहिनी! लग्न होऊन आल्या तेव्हा मी शाळेत होतो, त्यांनी मला गणितं शिकवलीत.

दुकानात येऊन सगळं जुळवलं. लगेच कुलपांना हो म्हणाला. नंबर पाठ फिरवून घातला. वेळेवर यायला लागला. कारागीर माझ्याशी नजर मिळवत नाहीत, मावशी उडवाउडवी करतात. आणि आता मुलगा फाईल घेऊन. वाटणी. दुसरं काय असणार? मागचा कारखाना तो, पुढचं दुकान मी, मधे भिंत. दार वेगळं झालंच आहे, आणि ते मीच हौसेनं करून दिलं. कपाळावर हात मारून घेतला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

हिला वाटणीचं सांगितलं. ती मटकन खाली बसली.

"तुम्हाला असं वाटतं?"

"वाटतं काय, दिसतंय."

"तुम्हाला काय दिसतं आणि काय नाही," असं म्हणून रडायला लागली. चांगलीच रडली. मला वाटलं, दुकान फुटणार म्हणून रडते. मी समजूत घातली की आपलं पुढचं दुकान चालेल, तू घाबरू नकोस. तर आणखीनच रडली.

१ मार्च, शनिवार

वाट बघतोय, नोटीस येईल, निरोप येईल. काही नाही. रोज सकाळी फोन तेवढा थरथरतो, मोठे मालक आत आले. थरथरला की आधी चीड येते. मग, खरं सांगायचं तर, बरंही वाटतं. आला बुवा. मग पुन्हा चीड, की मला बरं का वाटलं.

शाळेच्या छताचा विचार करत बसलो. टेप कुठून धरली होती ते आठवत नाही. आठवायचा खूप प्रयत्न केला. आता आठवून उपयोगही नाही.

कंटाळा आलाय. वाटणी तर वाटणी. पण तोंडावर सांग म्हणावं.

३ मार्च, सोमवार

ठरवलं. उद्या सकाळी लवकर जाऊन मागच्या दाराशी उभं राहायचं. आला की तिथंच गाठायचं. मावशी नको, चिठ्ठी नको. विचारायचं, दादा, काय ते एकदाचं सांग. आरडाओरडा करायचा नाही. तो करेल, मी करायचा नाही.

४ मार्च, मंगळवार

दुपार आहे. दादाच्या घरी, बाहेरच्या खोलीत बसून लिहितोय. तो आत झोपलाय. अक्षर लागलं तर लागलं.

सकाळी गल्लीत गेलो. छापखानेवाल्याच्या कागदाच्या गठ्ठ्यांआड उभा राहिलो, चोरासारखा. थोड्या वेळानं मावशी आल्या, एकट्याच. पिशवी खाली ठेवली, गल्लीत इकडं तिकडं बघितलं आणि सराईतपणे नंबर दाबला. दार उघडलं.

माझ्या खिशात फोन थरथरला. काढून बघितला. मोठे मालक आत आले.

मी फोनकडे बघितलं, मावशींकडे बघितलं. पुन्हा फोनकडे. डोक्यात काही शिरेचना. मग ओरडलोच. "दादाचा नंबर तुमच्याकडे कसा?"

मावशी दचकल्या, दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. "ओरडू नका मालक. त्यांनीच दिलाय."

"कधी?"

"कुलूप बसलं त्याच दिवशी. म्हणाले, रोज वेळेवर दाबत जा, धाकट्याला वाटू दे मी येतोय."

"मग तो येतो कधी?"

त्यांनी पिशवी उचलून दाराच्या आत ठेवली.

"मावशी, तो येतो कधी?"

"येत नाहीत. नंबर घालायला आले होते, तेच शेवटचं."

मी तिथंच पायरीवर बसलो. मावशी सांगत होत्या आणि मला तुकडे तुकडे ऐकू येत होते. पोटात गाठ. पसरलीय. त्या फाईलमध्ये ते होतं. मोठ्या इस्पितळात नेलं होतं, त्यांनी हात वर केले, घरीच ठेवा म्हणाले. तो रोज सकाळी फोनवरून मावशींना कटिंग सांगायचा, माझी चिठ्ठी त्या त्याला वाचून दाखवायच्या. आता दोन दिवस फोनही धरवत नाही. कारागिरांना त्यानं शपथ घातली होती.

"मला का नाही सांगितलं?"

मावशी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "ते म्हणाले, धाकट्याला कळलं तर तो म्हणेल, चावी दे आणि घरी बस. नियमच आहे तो. आणि नियमानं त्याचं बरोबरच असेल, म्हणाले. पण मला अजून बसायचं नाही."

आणि मी काय केलं असतं? हेच म्हणालो असतो. तेही टोचून.

जुनी कुलपं असती तर? पहिल्याच सकाळी कळलं असतं. डावं कुलूप निघालं नसतं, शटर वर गेलं नसतं, मी शिव्या देत त्याच्या घरी गेलो असतो. शिव्या देत का होईना, गेलो असतो. इतके दिवस मी रोज एका माणसावर चिडत होतो आणि तो तिथं नव्हताच.

पुढचं दुकान उघडलंच नाही. तसाच चालत निघालो. वाटेत रडू यायला लागलं आणि थांबेना. लोक बघत होते. बघू देत.

दार वहिनींनी उघडलं. "भावजी," एवढंच म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. आत स्वयंपाकघरात ही उभी. गाळणीतून सूप गाळत होती. बहिणीकडे म्हणजे इथं होय.  ती म्हणाली, "मला शपथ होती. पण तुम्हीही एकदा तरी विचारायचं होतं ना, दादा कसे आहेत म्हणून. एकदा विचारलं असतंत तरी मी मोडली असती शपथ."

मी विचारलं नव्हतं. एकदाही नाही.

दादा खिडकीजवळच्या पलंगावर होता. केवढासा झालाय. चादरीखाली माणूस आहे की नाही कळत नव्हतं. हात मात्र तेच, मोठे, पलंगापेक्षा मोठे वाटले. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यानं डोळे उघडले. बराच वेळ बघितलं. वाटलं, ओळखलं नाही.

"दुकान कोणी उघडलं?" म्हणाला.

"उघडलं नाही."

"म्हणजे?"

"बंद आहे."

"कामाच्या दिवशी?" उठायला गेला, उठवेना. वहिनी धावल्या. त्यांना हातानं दूर केलं. "अरे, गिऱ्हाईक दारात येऊन परत जाईल! अक्कल आहे का तुला? बाबा मेले त्या दिवशीसुद्धा आपण दुपारी उघडलं होतं. आणि तू बंद ठेवून इथं काय करतोस? कोण मेलंय इथं?"

धाप लागली तरी थांबेना. गल्ल्यावर बसून बसून तुझं डोकं बसलंय म्हणाला. मापं घेता येत नाहीत, निदान दार तरी उघडावं म्हणाला. किती दिवसांनी शिव्या घालत होता मला. माझ्याशी बोलत होता, मावशींशी नाही. मी खुर्ची ओढली, बसलो आणि सगळ्या खाल्ल्या.

मग दमून पडला. पाणी पाजलं. डोळे मिटून विचारलं, "तंबूचे कोपरे कसे बसले?"

"गिऱ्हाईकानं फोन केला होता. सुरेख बसलेत म्हणाला."

"मावशीनं कापलेत. मी नुसतं सांगितलं."

"मी तुझे समजून चिडलो होतो."

"मग ठीक आहे," म्हणाला. ओठ जरा हलले. हसला असावा.

७ मार्च, शुक्रवार

रोज सकाळी आधी इथं दादाकडे येतो, मग दुकान. पुढचं शटर कधी उघडतं, कधी नाही. गिऱ्हाईकं कुरकुरतात. छापखानेवाला म्हणाला, एवढं महागाचं कुलूप लावून तुम्ही दुकान उघडायलाच विसरता की काय? मी मान हलवली.

काल त्याचे पाय चोळून दिले. आधी नको नको म्हणाला, मग पाय सैल सोडले. फार बोलत नाही आम्ही. शाळेच्या छताचा विषय मी दोनदा जिभेवर आणला आणि गिळला. त्यानंही काढला नाही. आता राहिलेल्या वेळात त्या हातभर कापडाचं काय करायचं?

डॉक्टर येऊन गेले. वहिनींना बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं. त्या परत आल्या आणि उशीचा अभ्रा बदलायला लागल्या, जो सकाळीच बदलला होता.

मी फार दमलोय. असा दमलोय की बसलं तर उठवत नाही आणि पडलं तर झोप येत नाही. पण इथं खुर्चीत बसलो की डुलकी लागते. आज जागा झालो तर दादा माझ्याकडे बघत होता. "घोरतोस," म्हणाला. "बाबांसारखा."

११ मार्च, मंगळवार

सकाळी त्याच्याजवळ बसलो होतो. माझा फोन पलंगावर त्याच्या हाताशी पडला होता. थरथरला. त्यानं दचकून बोटं मागे घेतली.

"काय ते?"

"तू कारखान्यात आलास."

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग म्हणाला, "मावशी अजून माझाच नंबर दाबते?"

"मीच सांगितलंय."

त्यानं फोन माझ्याकडे सरकवला. मग हळू, शब्द शब्द थांबत म्हणाला, "माझं नाव काढून टाक आता त्यातून. मावशीच्या नावानं घाल. मला काही आता... नियम तुलाही माहीत आहे. घरी बसलोय मी."

"राहू दे."

"अरे, रोज सकाळी ते तुला खोटं सांगणार."

"सांगू दे."

"मी गेल्यावरसुद्धा?"

 वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत वळल्या. मी फोन उचलला, उगाच पुसला, खिशात ठेवला, परत काढला.

"वाटेल काय तुला?" त्यानं विचारलं. "सकाळी सकाळी ते वाजलं की?"

"काय वाटायचंय? वाटेल, आला मागच्या दारानं, गेला आत, मला तोंडसुद्धा दाखवलं नाही. चिडेन."

"चिडशील?"

"चिडेन. रोज."

त्यानं डोळे मिटले. हात चादरीवरून सरकवत माझ्या हातापर्यंत आणला आणि तिथं ठेवला, जड, गुळगुळीत.

"मग राहू दे," म्हणाला.

थोड्या वेळानं त्याला झोप लागली. हात काढून घेतला तर जागा होईल म्हणून मी तसाच बसून राहिलो. दुकानात आज गेलोच नाही.